दिवाळी ते शिमगा कोकरं गळतात, उरलेली वाढत नाहीत: लांडग्यावर आळ घेण्याआधी काय तपासायचं

तक्रार जवळपास सगळीकडे सारखीच असते. माळावर मोकळा चरणारा शंभर मेंढ्यांचा कळप, दिवाळीच्या आगेमागे मेंढ्या विणतात, साठ कोकरं हुंदडताना दिसतात आणि शिमग्याला मोजायला बसलं की पंचेचाळीसही भरत नाहीत. जी उरली त्यांतली निम्मी तीन महिन्यांची होऊनही नऊ-दहा किलोवर अडकलेली. कारण विचारलं की उत्तर तयार: लांडग्यानं नेली. मग कुत्रं नवीन येतं, वाघर (रात्री कळपाभोवती लावायची जाळी) नवीन येते, पुढच्या वर्षी गळती तेवढीच.

बालाघाटाच्या माळावर, धाराशिव-बीड-लातूर पट्ट्यात लांडगा आहे आणि तो कोकरं नेतो, यात वाद नाही. पण तो बहुतेक वेळा मागं पडलेलं जनावर नेतो. ते मागं का पडलं, याचं उत्तर दूध, थंडी, जंत आणि खुरांत असतं. नुसता लांडगा अडवला तर तेच कोकरू आठ दिवसांनी वाड्यावर मरतं, एवढाच फरक. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हिशेब, मग मेलेल्या जनावराची तपासणी, मग उपाय.

वहीत चार रकाने

जन्मली, मेलेली सापडली, गायब झाली, विकली. "मेलेली" आणि "गायब" एकत्र लिहिली की सगळा हिशेब वाया जातो. प्रत्येक नोंदीपुढे कोकराचं वय दिवसांत लिहा. एक हंगाम एवढं केलं तरी वयावरून कारण कळायला लागतं:

- पहिल्या तीन दिवसांत मरतात: चीक मिळाला नाही, थंडी लागली, जन्मवजन कमी होतं किंवा नाळ पिकली.
- दोन ते सहा आठवड्यांत मरतात: आईला दूध नाही, हगवण किंवा आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंच्या विषानं होणारा आजार). आंत्रविषारात बहुधा सगळ्यांत गुबगुबीत कोकरू रात्रीतून जातं.
- पहिल्या आठ-दहा दिवसांत वाड्यावरून गायब होतात: कोल्हा, गावची कुत्री.
- महिन्यानंतर, कळपामागे चरायला जायला लागल्यावर गायब होतात: इथं लांडग्याचा संशय खरा.

पहिल्या गटाचे आकडे मोठे असतील तर कुत्रं आणि कुंपण यांवर पैसा घालण्याआधी खाली दिलेला थंडीचा भाग वाचा.

वजनाचीही नोंद हवी. ताणकाटा आणि पोत्याची झोळी पुरते. दर पंधरा दिवसांनी, सकाळी चरायला सोडण्याआधी, त्याच दहा-बारा कोकरांचं वजन करा. दख्खनी कोकरू जन्मताना अडीच ते तीन किलोचं असावं, महिन्याला सहा-सात किलो आणि तीन महिन्यांना बारा ते चौदा किलो. दोन किलोच्या खाली जन्मलेलं कोकरू पहिल्या रात्रीपासूनच धोक्यात असतं. माडग्याळ जातीच्या रक्ताची कोकरं यापेक्षा जड भरतात, तेव्हा मिश्र कळपात दोघांची सरासरी एकत्र काढू नका.

मेलेलं जनावर उघडण्याआधी

दोन गोष्टी सांभाळा. अचानक मेलेल्या जनावराच्या नाका-गुदातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल आणि पोट झपाट्यानं फुगलं असेल तर सुरी लावू नका. काळपुळी (फाशी) असू शकते आणि ती माणसाला होते. डॉक्टरांना बोलवा. दुसरं, वन्यप्राण्यानं मारल्याची भरपाई मागायची असेल तर पंचनामा होईपर्यंत मढं हलवू नका, उघडूही नका.

हे दोन्ही नसेल तर हातमोजे घालून चाव्याच्या जागची कातडी सोला. जिवंतपणी चावलं असेल तर कातडीखाली काळं-लाल साकळलेलं रक्त दिसतं, मांस ठेचल्यासारखं असतं. मेल्यावर कुणी तोंड घातलं असेल तर भोकं असतात पण खाली मांस फिकट आणि कोरडं. "लांडग्यानं मारलं" म्हणून ठरवून टाकलेली बरीच कोकरं इथंच वेगळी निघतात: ती आधीच मेलेली असतात, कोल्हा किंवा कुत्रं नंतर येतं.

नवजात कोकरात आणखी चार जागा बघा.

1. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर कोकरू जन्मल्यावर श्वास घेत होतं, बुडाला तर मेलेलंच जन्मलं.
2. खुरांचं टोक. जन्मताना खुरांवर मऊ पिवळसर आवरण असतं. ते झिजलेलं असेल तर कोकरू उभं राहून चाललं होतं.
3. पोट. त्यात दह्यासारखं साकळलेलं दूध आहे की रिकामं? रिकामं म्हणजे चीक पोचलाच नाही.
4. मूत्रपिंडाभोवतीची चरबी. घट्ट, फिकट बदामी असेल तर साठा शिल्लक होता. गडद लाल, पातळ, लिबलिबीत झाली असेल तर कोकरू उपाशी राहून थंडीनं गेलं.

चालत होतं, पोट रिकामं, चरबी संपलेली: या तीन खुणा एकत्र दिसल्या की लांडग्याचं नाव घेऊ नका. आईचे सड तपासा.

कुणी मारलं, ते खुणांवरून

लांडगा मोठ्या मेंढीला नरड्याला धरतो आणि मांड्या-पोट खातो. कोटीपोट (चारा साठवणारं मोठं पोट) बहुतेक वेळा बाजूला टाकलेलं सापडतं. कोकरू असेल तर उचलूनच नेतो, मागं लोकरीची बट आणि रक्ताचे चार थेंब एवढंच. मऊ मातीत त्याची पावलं जवळपास एका रेषेत पडतात. बहुतेक वेळा एक-दोन जनावरं जातात, पण रात्री वाघरीत शिरला आणि कळपाला पळायला जागा नसली तर पाच-दहा मारून टाकतो. ही भूक नसते. कोंडलेली धावपळ समोर असली की तो चावत सुटतो.

मोकाट कुत्र्यांचं काम गबाळं. कान, शेपूट, मागच्या मांड्या फाडलेल्या, जखमी जास्त, मेलेल्या कमी, खाल्लेलं थोडंच. गावाजवळच्या आखाड्यावर (शेतातल्या गोठ्यावर) एका रात्रीत वीस-पंचवीस मेंढ्या लोळवल्या जातात तेव्हा हा प्रकार असण्याची शक्यता जास्त, आणि ती टोळी एक-दोन रात्रींत परत येते. काही मेंढ्यांच्या अंगावर खूणच नसते. त्या कोपऱ्यात एकावर एक पडून गुदमरलेल्या असतात.

कोल्हा नवजात पिल्लापुरता. नाळेपासून किंवा मागून खायला सुरुवात करतो. कावळे डोळे आणि नाळ टोचतात, पण उठू न शकणाऱ्याच कोकराचे. तरस बहुतेक मेलेलं ओढून नेतो, हाडं चावून फोडतो. बिबट्या गौताळा-अजिंठ्याच्या डोंगरांत, किनवटच्या जंगलपट्ट्यात आणि आता उसाच्या फडांतही: नरड्यावर चार खोल भोकं, मढं झुडपात ओढलेलं, लोकर उपटून टाकलेली, आणि पावलांत नखांचे ठसे नाहीत. कुत्रा-लांडग्याच्या पावलांत नखं उमटतात. बिबट्या असेल तर वाघर आणि कुत्रं पुरत नाही, छतासकट बंद गोठाच लागतो.

रात्रीचा वाडा: चूक बहुधा आकारात असते

वाघर चौकोनी लावली की मेंढ्या घाबरून एका कोपऱ्यात दाटतात, जाळी आतून आडवी होते आणि बाहेर थांबलेल्याचं काम सोपं होतं. जाळी फाडून आत आला असं वाटतं, प्रत्यक्षात मेंढ्यांनीच ती पाडलेली असते. वाघर गोल लावा.

मोठ्या मेंढीला १० चौरस फूट, कोकराला ४ चौरस फूट धरा. शंभर मेंढ्या आणि साठ कोकरांना १,२४० चौरस फूट लागतात. ४२ फूट व्यासाचं रिंगण केलं की साधारण १,३८५ चौरस फूट मिळतात. परीघ १३२ फूट, दर सहा फुटांवर एक असे २२ खुंट. खुंट किमान दीड फूट जमिनीत. जाळीची खालची कड दगडांनी दाबा किंवा दर दोन फुटांवर खुंटी मारा, कारण कोल्हा आणि कुत्रं उडी मारण्याआधी खालून नाक घालून बघतं.

जाळीच्या बाहेर तीन फूट जागा सोडून बोरी-बाभळीच्या काट्यांचं कडं. फांद्यांचे बुडखे आत, शेंडे बाहेर. आतून ओढून घट्ट करता येतं आणि बाहेरच्याच्या तोंडाला काटे येतात. मधल्या तीन फुटांचं महत्त्व काट्यांइतकंच आहे: जनावर जाळीला नाक लावू शकत नाही, त्यामुळे आतला कळप उठत नाही. कोकरं रिंगणाच्या मध्यभागी, वेगळ्या छोट्या जाळीत किंवा डालग्याखाली ठेवा, कडेला कधीच नाही.

जागा निवडताना उभा ऊस, दाट तूर आणि ओढ्याची घळ यांपासून किमान शंभर मीटर लांब राहा. ऊसतोड सुरू झाली की फडात दडलेली जनावरं हलतात. शेजारचा फड तुटत असेल त्या आठवड्यात वाडा हलवणं किंवा एक माणूस जागा ठेवणं, दोन्हींपैकी एक करावंच लागतं. शेत खतवायला मेंढ्या बसवताना जागा शेतमालक ठरवतो, हे खरं. पण शेताचं कुठलं टोक, हे तुम्ही ठरवू शकता.

कायमच्या आखाड्याला चेन लिंक जाळी असेल तर पाच फूट उंची, खाली एक फूट जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर वळवून दगडाखाली, वर एक फूट काटेरी तार बाहेर झुकवलेली. यात नेहमी राहणारी खोट म्हणजे फाटकाखालची फट. हजारो रुपयांची जाळी असते आणि फाटकाखाली सहा इंचांची मोकळी जागा. तीन इंचांच्या वर फट ठेवू नका.

लुकलुकणारे सौर दिवे उपयोगी पडतात, पण थोडे दिवस. चारही बाजूंना, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर लावा आणि दर तीन-चार दिवसांनी जागा बदला. कायम एकाच जागी जळणाऱ्या बल्बला लांडगा आठवड्यात सरावतो. फटाक्यांनी आधी स्वतःचाच कळप उधळतो, गाभण मेंढ्या चेंगरतात.

विल्यावर पडलेली वार वाड्याजवळ टाकली की त्या वासावर कुत्री-कोल्हे येणारच. हातमोजे घालून उचला, तीन फूट खोल पुरा, वर चुना आणि दगड. मेलेली कोकरंही तशीच. ती ओढ्यात फेकायची सवय असेल तर कोल्ह्याला आपणच वाड्याची वाट शिकवतो.

कुत्री: किती, कोणती, कशी

शंभर-दीडशे मेंढ्यांना तीन ते चार. लातूरकडची कारवान, पश्मी कुत्री देखणी आणि वेगवान, पण ती शिकारीची. ससा दिसला की कळप सोडून धावतात. राखणीला साधं धनगरी कुत्रं बरं, आणि तेही पिल्लू असताना, सहा-आठ आठवड्यांचं असल्यापासून कोकरांमध्ये वाढलेलं. मोठं झाल्यावर विकत आणलेलं कुत्रं माणसाला धरून राहतं, कळपाला नाही. गळ्यात खिळ्यांचा पट्टा हवा, लांडगा नरडंच धरतो.

एक लांडगा समोरून कुत्र्यांना गुंतवतो आणि दुसरा मागून येतो, असं मेंढपाळ सांगतात. त्यामुळे सगळी कुत्री एकाच बाजूला धावली तर एका माणसानं उलट बाजू धरायची.

आता वाढीशी जोडलेली, सहसा नजरेआड राहणारी गोष्ट. मेलेल्या मेंढीचं कच्चं डोकं किंवा आतडी कुत्र्यांना घातली की त्यांच्या पोटात पट्टकृमी होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यावर, चाऱ्यातून मेंढीत आणि मेंढीच्या मेंदूत पाण्याची गाठ. मग मेंढी एकाच बाजूला मान वळवून गोल फिरते, कळपातून सुटते आणि लांडग्याला आयती मिळते. कुत्र्यांना कच्चं घालू नका, दर तीन महिन्यांनी प्राझिक्वान्टेल (किलोमागे ५ मिलिग्रॅम) द्या आणि वर्षातून एकदा रेबीजची लस टोचा.

दिवसाचा हल्ला

शंभरच्या कळपामागे एकच माणूस असेल तर शेपूट उघडी पडते. एक पुढे, एक मागे, आणि मागच्यानं लंगडणाऱ्या मेंढीकडे लक्ष ठेवायचं. लंगडण्याचं कारण पावसाळ्यानंतर बहुतेक वेळा खूरसड. दहा टक्के झिंक सल्फेटच्या पाण्यात पाच मिनिटं खुरं बुडवा, आठवड्यातून दोनदा. मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरत असाल तर मेंढ्या ते पिणार नाहीत याची काळजी घ्या, मेंढीला तांबं बाधतं. त्याच कारणासाठी गाई-म्हशींचं खनिज मिश्रणही मेंढ्यांना देऊ नका.

सप्टेंबर ते डिसेंबरात ओठ सुजलेले, तोंडातून लाळ, ताप आणि लंगडणं एकत्र दिसलं तर नीलजिव्हा (ब्लूटंग) असू शकते. ती चिलटांमुळे पसरते. पाणथळ जागेवरून वाडा उंचावर हलवा, लस पावसाळ्याआधी.

लांडग्याचं पिलावण साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत होतं. पुढचे तीन-चार महिने घरात खाणारी तोंडं वाढलेली असतात. नेमकी त्याच वेळी आपली कोकरं महिन्या-दोन महिन्यांची होऊन कळपामागे चालायला लागतात. येळवशीनंतर (मार्गशीर्ष अमावास्येनंतर) कोकरं गायब होण्याचं प्रमाण वाढतं ते यामुळे. या काळात दिवस मावळायच्या अर्धा तास आधी झुडपांतून, ओढ्याकाठावरून बाहेर पडा. महिन्याच्या आतलं कोकरू चरायला नेऊच नका.

भीतीची किंमत वजनात मोजली जाते

मेंढीला रोज सात-आठ तास चरणं लागतं. लांडग्याच्या धास्तीनं कळप सकाळी नऊला सुटला आणि साडेपाचला कोंडला, त्यात दुपारचं रवंथ आणि पाणी गेलं, की हातात पाच-साडेपाच तास उरतात. हल्ला झालेला कळप पुढचे दोन-तीन दिवस दाटीवाटीनं, मान वर करून चरतो, ते वेगळंच. आईला दूध कमी, कोकराला वाढ कमी.

हिशेब करून बघा. साठ कोकरांमागे रोज फक्त ३० ग्रॅम वाढ घटली, तर नव्वद दिवसांत १६२ किलो. म्हणजे साडेबारा किलोची तेरा कोकरं, एकही न मरता गेली. हे नुकसान कुणी पंचनाम्यात लिहीत नाही.

लवकर कोंडायचं असेल तर वाड्यात खायला घालावंच लागतं. तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, सोयाबीनची गुळी, शेवरी-सुबाभळीचा पाला टांगून. व्यायला आलेल्या मेंढीला शेवटचे ४५ दिवस रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक द्या. पोटातल्या कोकराची सुमारे सत्तर टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. कोकराचं जन्मवजन इथं ठरतं, विल्यावर ओतलेल्या पेंडीनं नाही.

कोकरांसाठी पंधराव्या दिवसापासून वेगळा खुराक: मका भरडा ४० किलो, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड ३० किलो, गव्हाचा कोंडा २७ किलो, मेंढीचं खनिज मिश्रण २ किलो, मीठ १ किलो. सुरुवात ५० ग्रॅमनं, तीन महिन्यांपर्यंत २०० ते २५० ग्रॅम. वाघरीच्या एका बाजूला सहा-सात इंचांच्या अंतरानं बांबू रोवून कप्पा करा, कोकरू आत जातं, आई बाहेर राहते. कप्पा न करता पसरलं तर खुराक मेंढ्या खातात आणि "खुराक देऊनही वाढ नाही" अशी तक्रार होते.

आणखी एक: कोकरं दिवसभर वाड्यावर आणि आया दहा तास रानात, हे पहिल्या तीन आठवड्यांत चालत नाही. दुपारी एकदा आया परत आणा. सकाळ, दुपार, संध्याकाळ असं तीनदा पाजणं हवं.

थंडी

डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यात रात्रीचं तापमान दहाच्या खाली जातं, परभणीकडे त्याहूनही बरंच खाली. नुसत्या थंडीनं कोकरू मरत नाही. ओलं अंग, वारा आणि रिकामं पोट जमलं की मरतं. म्हणून वाऱ्याच्या बाजूला पोती किंवा ताडपत्रीचा तीन फूट आडोसा करा, खाली भुसकटाचा कोरडा थर टाका आणि अंग आईनं चाटलं नाही तर कोरड्या फडक्यानं पुसा. नाळ दोन इंच ठेवून कापा, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. तासाच्या आत चीक. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या किमान दहा टक्के, म्हणजे अडीच किलोच्या कोकराला पाव लिटर, थंडीत त्याच्या दीडपट-दुप्पट, चार-पाच वेळा विभागून.

गारठलेलं कोकरू सापडलं तर थर्मामीटर गुदात लावा. नेहमीचं तापमान १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट. ९९ च्या वर असेल तर पुसा, ऊब द्या, चीक पाजा. ९९ च्या खाली असेल आणि कोकरू पाच तासांहून मोठं असेल तर नुसती शेकोटी घातक ठरते: रक्तातली साखर संपलेली असते, ऊब मिळताच झटके येऊन जातं. आधी डॉक्टरांकडून पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन, मग ऊब, मान धरायला लागल्यावर दूध. मान न धरणाऱ्या कोकराच्या तोंडात दूध ओतलं तर ते फुप्फुसात जातं.

विणं एकाच वेळी आणणं

मेंढा वर्षभर कळपात मोकळा असेल तर कोकरं बारा महिने सांडत राहतात आणि राखण कधीच संपत नाही. मेंढ्याला एरवी वेगळा ठेवा किंवा पोटाखाली फडकं बांधा. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक या हिशेबानं ३४ ते ३५ दिवस सोडा. मेंढीचा माज १७ दिवसांनी येतो, म्हणजे दोन संधी मिळतात. जूनच्या मध्यापासून सोडला तर पाच महिन्यांनी, नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत विणं उरकतं. एवढाच काळ कडक पहारा.

यात अडचण उन्हाची. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं असतो, त्या उष्णतेनं मेंढ्याचं बीज खराब होतं आणि नीट व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. जूनमध्ये सोडलेला मेंढा चढतो पण मेंढ्या उलटतात (गाभण न राहता पुन्हा माजावर येतात), विणं लांबत फेब्रुवारीपर्यंत जातं. एप्रिल-मेमध्ये नर मेंढ्यांना दुपारी दाट सावली, पाणी आणि रोज २०० ग्रॅम बाभळीच्या शेंगा द्या. बाकी कळप सहा ते दहा आणि चार ते सात चारा. शेवटचा तास लांडग्याचा असतो, म्हणून तो वाड्याजवळच्या मोकळ्या रानात घालवा.

पाऊस, जंत आणि विषारी रान

मृगाच्या सरींनंतर कोवळ्या गवतावर कळप एकदम सोडला की आंत्रविषार. मे महिन्यात लस, पहिल्यांदाच देत असाल तर चौदा दिवसांनी दुसरा डोस. पावसाळ्यात दव सुकल्यावर, नऊनंतर चरायला सोडा. जबड्याखाली पाणी साठलं आणि डोळ्याची पापणी आतून पांढरी पडली तर रक्त पिणारे गोलकृमी. तलाव-धरणाच्या काठी चरणाऱ्या कळपात दिवाळीनंतर हेच दिसलं तर यकृतकृमीही धरा. गोलकृमीला फेनबेंडाझोल (५ मिलिग्रॅम) किंवा क्लोझान्टेल (१० मिलिग्रॅम), यकृतकृमीला ऑक्सिक्लोझानाइड (१५ मिलिग्रॅम), सगळं किलोमागे. औषध डॉक्टरांना विचारून निवडा आणि डोस कळपातल्या सगळ्यात जड मेंढीच्या वजनावर ठरवा. अंदाजानं कमी दिलेल्या डोसानं जंत औषधाला पक्के होतात. गाभण राहिल्यावर पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको.

पावसानं ताण दिलेली गुडघाभर ज्वारी किंवा कापणीनंतरचे कोवळे फुटवे खाऊन मिनिटांत मेंढ्या पडतात, रक्त लालभडक असतं. डॉक्टरांकडे सोडियम थायोसल्फेट असतं, पण वेळ फार थोडा. सोयाबीन-मका काढलेल्या रानात सांडलेलं धान्य भुकेल्या कळपानं खाल्लं तर दुसऱ्या दिवशी पोटफुगी आणि हगवण. आधी भुसकट, मग असं रान, तेही पहिल्या दिवशी अर्धा तास.

विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप मोबाइलमध्ये ठेवा, गडगडाट सुरू झाला की कळप एकट्या झाडाखाली उभा करू नका. विजेनं मेलेल्या मेंढ्यांचा पंचनामा तलाठ्याकडे होतो, वनखात्याकडे नाही.

हल्ला झाल्यावर

- मढं जागेवर राहू द्या. चावा, पावलं आणि आजूबाजूचा भाग असे फोटो काढा, पावलाशेजारी काडेपेटी ठेवून.
- ४८ तासांच्या आत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा. वनखात्याचा टोल फ्री क्रमांक १९२६.
- पंचनाम्यात पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. पशुसंवर्धनाचा क्रमांक १९६२.
- लांडगा, बिबट्या, तरस, कोल्हा भरपाईत बसतात. मोकाट कुत्री बसत नाहीत. भरपाई बाजारभावाएवढी पूर्ण मिळत नाही, हे धरून चाला.
- चावलेल्या जनावराची जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा, खोल भोकं शिवून-बांधून बंद करू नका. रेबीज आणि धनुर्वाताच्या लशी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

मढ्यात विष घालणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ते विष बहुतेक वेळा आपलीच कुत्री आधी खातात. टोळीची जागा रिकामी झाली की फिरते, अनोळखी लांडगे येतात, त्यांना तुमच्या वाड्याची भीती नसते.

हे सगळं करूनही पुढच्या हंगामात कोकरं तीन महिन्यांना दहा किलोच्या आतच राहत असतील तर अंदाज थांबवा. दहा-बारा मेंढ्यांच्या थेट गुदातून घेतलेल्या ताज्या लेंड्या, प्रत्येकीच्या पाच-सहा, वेगवेगळ्या पिशवीत भरून, वर मेंढीचा बिल्ला क्रमांक लिहून, बर्फावर ठेवून त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात द्या. गर्भपात झालेले असतील तर जवळपासच्या परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात रक्तजलाची (सीरमची) तपासणी करून घ्या. सोबत ती चार रकान्यांची वही न्या.